एक खुर्ची सातपुड्यासाठी

९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीच्या भारत मंडपमात एक खुर्ची वाढली. जी-२० या राष्ट्रसमूहाच्या शिखर परिषदेचे अध्यक्ष या नात्याने भारताच्या पंतप्रधानांनी आफ्रिकी संघाला कायमचे सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव मांडला. उपस्थितांनी तो मान्य केला. मग आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हे कोमोरोस या चिमुकल्या द्वीपराष्ट्राचे अध्यक्ष आणि त्या वेळचे आफ्रिकी संघाचे प्रमुख अझाली असौमानी यांना मेजापाशी घेऊन आले. पंचावन्न देशांचा एक संघ इतकी वर्षे दाराशी उभा होता; तो आत येऊन बसला.

त्याच दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातील एका पुनर्वसन वसाहतीत माझे जाणे झाले. मी या जिल्ह्यात शिक्षकी केलेला माणूस. जुने विद्यार्थी व त्यांचे आईवडील भेटतात, चहा होतो, गप्पा होतात. ओट्यावर कोणाच्या तरी मोबाईलवर दिल्लीचा तो प्रसंग चालला होता. नर्मदाकाठचे आपले गाव पाण्याखाली गेल्यावर येथे येऊन राहिलेले एक वृद्ध गृहस्थ तो पाहत होते. त्यांनी विचारले, "गुरुजी, या पाहुण्यांना आत घ्यायला किती वर्षं लागली?" गट १९९९ साली स्थापन झाला, तेव्हा मी म्हणालो, "चोवीस." ते थोडे हसले आणि म्हणाले, "चोवीसच? आम्ही तर तीस वर्षांपासून थांबलोय. थोरल्या पोराचं नाव अजून यादीत नाही."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, एवढेच. मी मात्र ते दोन आकडे घेऊन घरी आलो, आणि तेव्हापासून ते मला सोडत नाहीत.

भारताच्या त्या अध्यक्षपदाविषयी आपल्याकडे दोन प्रकारे बोलले गेले. एका बाजूला जयघोष होता. १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ या वर्षभरात देशातील साठ शहरांत दोनशेहून अधिक बैठका झाल्या. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथे पाहुणे आले. रस्ते धुतले गेले, भिंती रंगल्या, चौकाचौकांत फलक लागले. भारत जगाचा गुरू झाला, असे मोठ्या आवाजात सांगण्यात आले. दुसऱ्या बाजूला कुचेष्टा होती. गरिबाच्या घरी हे थेर कशाला, हे अध्यक्षपद तर पाळीने येते, त्यात कर्तबगारी ती कोणती, असा तिचा सूर होता.

या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट टाळली, असे माझे नम्र पण स्पष्ट मत आहे. भारताने त्या मेजावर मागितले काय, हे दोघांनीही नीट ऐकले नाही. ते ऐकले असते तर जयघोष करणाऱ्यांना थोडी लाज वाटली असती आणि कुचेष्टा करणाऱ्यांना थोडा आदर वाटला असता. कारण भारताने श्रीमंत राष्ट्रांकडे जे मागितले ते न्याय्य होते. आणि जे भारताने जगाकडे मागितले, नेमके तेच नंदुरबार जिल्हा भारताकडे वर्षानुवर्षे मागत आला आहे. जो न्याय आपण दिल्लीत जगापुढे मांडला तो सातपुड्याला लागू करण्यास आपण बांधलेले आहोत की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

वसईच्या किंवा अहिल्यानगरकडच्या वाचकांना हा जिल्हा कदाचित केवळ नकाशावर ठाऊक असेल. म्हणून दोन शब्द. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश, उत्तरेला नर्मदा, मधून तापी, आणि या दोन नद्यांमध्ये सातपुड्याच्या रांगा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा लाखांच्या आसपास वस्ती. तीत सुमारे ६९ टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी हे येथले मूळ रहिवासी. त्याच जनगणनेत साक्षरतेत हा जिल्हा राज्यात सर्वांत खाली होता. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील जे ११२ जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्राचे चार होते: गडचिरोली, वाशिम, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि नंदुरबार. मागासलेला म्हणण्याऐवजी आकांक्षित म्हणू लागलो, हे सौजन्य झाले. आकांक्षा मात्र येथे पूर्वीपासूनच होती.

आता भारताची मागणी पाहू. पहिली मागणी आवाजाची. जी-२० मधील राष्ट्रांकडे जगाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे ८५ टक्के आणि व्यापाराचा सुमारे ७५ टक्के वाटा आहे. म्हणजे तेथे जे ठरते त्याचे परिणाम तेथे नसलेल्यांनाही भोगावे लागतात. म्हणून १२ व १३ जानेवारी २०२३ रोजी भारताने सुमारे सव्वाशे विकसनशील देशांची दूरसंवादाद्वारे परिषद घेतली आणि जे मेजावर नाहीत त्यांचे म्हणणे आधी ऐकले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारताच्या मताचे वजन २.६ टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेचे सुमारे साडेसोळा. आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागत असल्यामुळे एकट्या अमेरिकेच्या नकाराने निर्णय अडतो. जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा ज्या देशात राहतो त्याने ही व्यवस्था बदला असे म्हणणे यात उर्मटपणा नाही. ज्याच्या जगण्याचा निर्णय होतो त्याला निर्णयाच्या वेळी विचारले गेले पाहिजे, हे तत्त्व बरोबर आहे.

तेच तत्त्व घेऊन आपण अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीला जाऊ. नर्मदेच्या काठचे हे लहानसे गाव. नर्मदेच्या पाण्याचा निवाडा लवादाने १९७९ मध्ये दिला. १९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे त्यात बाधित व्हायची होती. ना लवादापुढे, ना बँकेच्या मेजावर या गावांना कोणी खुर्ची दिली. गावकऱ्यांनी नर्मदा बचाओ आंदोलनातून आवाज उठवला, तो थेट वॉशिंग्टनपर्यंत गेला, आणि बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा नेमली. आपल्याच प्रकल्पाची बाहेरच्यांकडून तपासणी करण्याची बँकेवर आलेली ती पहिली वेळ. १९९२ च्या अहवालात मोर्स यांनी सांगितले की विस्थापितांचे योग्य पुनर्वसन त्या परिस्थितीत होणे शक्य नाही; बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा. मार्च १९९३ अखेर भारत सरकारने उरलेले कर्ज घेणार नाही असे कळवले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्यात गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेने, प्रकल्पबाधितांना थेट दाद मागता यावी म्हणून, एक कायमचे तपासणी मंडळ निर्माण केले. पुढल्या वर्षी जगभरातील शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जांविरुद्ध एक जाहीरनामा काढला. त्याला त्यांनी नाव दिले, 'मणिबेली जाहीरनामा'.

वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. जागतिक बँकेला आपले नियम बदलण्यास भाग पाडणाऱ्यांत आपल्या सातपुड्यातील भिल्ल कुटुंबे होती. आंतरराष्ट्रीय अर्थकारणात विकसनशील देशाचे नेतृत्व म्हणजे काय असे कोणी मला विचारले, तर मी आधी मणिबेलीचे नाव घेईन आणि मग भारत मंडपमाचे. पण हे नेतृत्व करणाऱ्यांच्या वाट्याला काय आले? धरण पुढे बांधले गेले. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचले. विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला. आणि 'घोषित' व 'अघोषित' प्रकल्पग्रस्त असे दोन शब्द येथल्या आयाबायांच्याही तोंडी बसले. ज्याचे नाव यादीत आहे तो बुडाला. ज्याचे नाही तो कागदोपत्री कोरडाच आहे.

भारताच्या अध्यक्षपदाच्या काळात विकास बँकांच्या सुधारणेसाठी एन. के. सिंग आणि लॉरेन्स समर्स यांचा तज्ज्ञ गट नेमण्यात आला. २०३० पर्यंत या बँकांनी आपले कर्जवाटप तिप्पट करावे अशी त्याने शिफारस केली. दिल्लीच्या जाहीरनाम्यात हवामानविषयक उद्दिष्टांसाठी विकसनशील देशांना २०३० पूर्वी ५.८ ते ५.९ लाख कोटी डॉलर लागतील असा आकडा नोंदवला गेला. पैसा लागेल हे खरेच. पण तिप्पट कर्ज म्हणजे तिप्पट धरणे, तिप्पट खाणी, तिप्पट महामार्ग. आणि ते कोणाच्या अंगणातून जाणार? मणिबेलीने जगाला शिकवलेला धडा रकमेचा नव्हता. आधी विचारा, मग खोदा, एवढाच तो होता.

विचारण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. २४ डिसेंबर १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रांसाठी 'पेसा' कायदा आहे. विकास प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी आणि विस्थापितांना वसवण्यापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय झाला पाहिजे असे तो सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ चा वनहक्क कायदाही ग्रामसभेलाच पाया मानतो. ही ग्रामसभा म्हणजे सातपुड्याची शिखर परिषद होय. मी पाहिलेल्या काही ग्रामसभांत मात्र ठराव आधीच टंकलिखित होऊन आलेला असे, तो शुद्ध पुस्तकी मराठीत वाचला जाई, आणि पावरी व भिली बोलणारी माणसे अंगठा उठवून घरी जात. दिल्लीच्या परिषदेत प्रत्येक पाहुण्याच्या कानाला भाषांतराचे यंत्र होते.

दुसरी मागणी कर्जाची. गरीब राष्ट्रांची कर्जे कशी सोडवावीत यासाठी जी-२० ने नोव्हेंबर २०२० मध्ये एक समान चौकट आखली. दिल्लीच्या जाहीरनाम्यात झांबिया, घाना आणि इथियोपिया यांची नावे घेऊन त्यांचे प्रश्न लवकर सोडवण्याविषयी लिहिले गेले. भारताने हा विषय लावून धरला, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. धनको बलवान आणि ऋणको उपाशी असेल तर करारपत्रावरील सही स्वखुशीची म्हणता येत नाही, ही समज त्यामागे आहे.

या विषयात आपल्या ख्रिस्तसभेचाही एक धागा आहे, आणि तो मुंबईशी बांधलेला आहे. डिसेंबर १९६४ मध्ये जागतिक पवित्र कम्युनियन महोत्सवासाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले होते. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ओव्हलवरची ती गर्दी आठवत असेल. याच शहरातून त्यांनी जगातील राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूला काढून गरीब राष्ट्रांसाठी एक जागतिक निधी उभारावा. १९६७ मधील आपल्या विकासविषयक परिपत्रकात त्यांनी मुंबईच्या या आवाहनाची पुन्हा आठवण दिली. २००० आणि २०२५ या दोन्ही ज्युबिली वर्षांच्या निमित्ताने पोपमहोदयांनी गरीब देशांच्या कर्जमाफीची मागणी केली. ज्युबिलीचा बायबलमधील मूळ अर्थच तो: लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते आणि कर्जापायी बांधला गेलेला मनुष्य मोकळा होऊन घरी जातो.

आता दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या बाजूंच्या रस्त्यांवर उभे राहून पाहा. ट्रक भरून माणसे दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पावसाळ्यात घरात धान्य संपते, कोणी आजारी पडते, लग्न निघते. तेव्हा मुकादम 'उचल' देतो. ती फेडण्यासाठी हंगामभर राबायचे. हंगामाअखेर हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि तो वाचता येणारा माणूसही बहुधा मुकादमच. काही बाकी उरते, ती पुढच्या वर्षावर जाते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे येणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांची ही कहाणी १९७० च्या दशकातच लिहून ठेवली. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. झांबियाच्या कर्जासाठी चौकट आखणाऱ्या देशाला धडगावच्या उचलीसाठी एक वही तपासता येऊ नये? झांबियाच्या बाजूने निदान एक अर्थमंत्री बोलत होता. येथे उचल घेणाऱ्याच्या बाजूने मेजावर कोणीच नाही.

तिसरी गोष्ट मागणीची नव्हे, देणगीची. आधार, पैशांची तात्काळ देवघेव, कागदपत्रांची संगणकीय तिजोरी, अशा सार्वजनिक संगणकीय सुविधा भारताने उभ्या केल्या आणि त्या इतर देशांनी वापराव्यात असे आपल्या अध्यक्षपदाच्या काळात सांगितले. दिल्लीच्या जाहीरनाम्याने त्यांच्या चौकटीचे स्वागत केले. या कथेचा आरंभ नंदुरबारात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिली आधार कार्डे वाटली गेली. ज्या व्यवस्थेची ख्याती तेरा वर्षांनी जी-२० च्या मेजावर गाइली गेली, तिचा पहिला मान एका आदिवासी खेड्याचा. त्यानंतर पत्रकार पुन्हा पुन्हा टेंभलीला जात राहिले आणि गावकरी त्यांना तेच सांगत राहिले: ओळख मिळाली, काम मिळाले नाही, पोटासाठी गाव सोडणे चुकले नाही.

मी यंत्राचा द्वेष्टा नाही. निवृत्तिवेतन थेट बँकेत येते, मधला कोणी खात नाही, याचा लाभ मीही घेतो. पण 'आधार' या मराठी शब्दाला एक अर्थ आहे. पडणाऱ्याला जो सावरतो तो आधार. पडणाऱ्याची केवळ नोंद ठेवतो त्याला दुसरे काही नाव द्यावे लागेल. सातपुड्याच्या कितीतरी पाड्यांवर मोबाईलची रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला पटत नाही. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. आणि जे यंत्र रेशनच्या पाच किलो धान्यासाठी गरिबाची इतकी कसून ओळख पटवते, ते मुकादमाच्या वहीतील उचल, तिच्यावरील वाढावा, कापलेली मजुरी यांची नोंद का ठेवत नाही? बोटाचा ठसा नेहमी दुबळ्याचाच का घेतला जातो? तंत्रज्ञान तेच आहे. ते कोणाकडे वळवायचे, हा निर्णय माणसांचा आहे.

याच मेजावर इतर विकसनशील देशांनी काय ठेवले तेही पाहावे. २०२२ मध्ये इंडोनेशिया, मग भारत, २०२४ मध्ये ब्राझील, २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका, असे चार विकसनशील देश ओळीने अध्यक्ष झाले. ब्राझीलने नोव्हेंबर २०२४ मध्ये रिओ येथे भूक आणि दारिद्र्य यांविरुद्ध एक जागतिक आघाडी उभी केली. दक्षिण आफ्रिकेने जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याकडून विषमतेवर अहवाल करून घेतला. जोहान्सबर्गच्या परिषदेकडे अमेरिकेने पाठ फिरवली, तरी जाहीरनामा संमत झाला. ज्या देशात विषमता डोळ्यांत खुपण्याइतकी आहे त्याने विषमतेचाच विषय मेजावर घ्यावा, यात मला एक मोठेपणा दिसतो. आपल्या घरची जखम त्यांनी लपवली नाही.

आपण मात्र पडदे लावले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पाहुण्यांच्या वाटेवरील झोपडपट्ट्यांपुढे कापड ताणल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. पाहुणा येणार म्हणून घर आवरावे, यात गैर काहीच नाही. दृढीकरणाच्या संस्कारासाठी बिशपमहोदय येणार असले की आपणही चर्चला चुना काढतो, अंगण सारवतो. पण त्या दिवशी घरातल्या आजारी आजीला आपण पडद्याआड बसवत नाही. उलट बिशपमहोदयांना प्रथम तिच्याकडेच नेतो, आशीर्वादासाठी. 'वसुधैव कुटुंबकम्' हे त्या वर्षाचे ब्रीद होते. कुटुंब म्हणायचे आणि त्यातली माणसे कापडाने झाकायची, याला कुटुंब म्हणत नाहीत.

मला ठाऊक आहे की यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आपल्या देशाची उणी दुणी काढण्यात, विशेषतः आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने, काय शहाणपण आहे? माझे उत्तर सरळ आहे. मी भारताची मागणी खोटी ठरवत नाही. ती खरी आहे असे मानतो म्हणूनच ती घरीही लागू करा म्हणतो. आपल्या देशाने जगासमोर उच्चारलेला शब्द गंभीरपणे घेणे, यापरते देशप्रेम ते कोणते? दुसरा आक्षेप असा, की प्रगती तर होतेच आहे. होते आहे. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या मोजणीत २०१५-१६ मध्ये जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक माणसे दरिद्री होती; २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आले. रस्ते झाले, शाळा झाल्या, नर्मदेच्या पाण्यावर तरंगते दवाखाने फिरू लागले. त्याबद्दल ज्यांनी राबून काम केले त्यांना मी हात जोडतो. पण आफ्रिकेचीही प्रगती होतच होती. तेवढ्यावरून तिला बाहेर थांबा असे आपण म्हटले नाही. प्रगती हे दान म्हणून मिळते आणि खुर्ची हक्क म्हणून, हा फरक दिल्लीत आपणच जगाला समजावून सांगितला.

तेव्हा मागायचे ते नेमके मागावे. प्रकल्पग्रस्तांच्या राहिलेल्या नावांची चौकशी ठरावीक तारखेपर्यंत पुरी व्हावी, आणि ज्याचे नाव नाकारले त्याला कारण लेखी मिळावे. पेसा क्षेत्रातील ग्रामसभेत विषय लोकांच्या बोलीत समजावून सांगितला जावा, आणि तिने नकार दिला तर तो नकार मानला जावा. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक जोडीच्या उचलीचा व मजुरीचा हिशेब सरकारी नोंदीत यावा आणि त्याची प्रत तोडकऱ्याच्या हाती असावी. यातल्या एकाही गोष्टीला लाख कोटी डॉलर लागत नाहीत.

आणि आपण, धर्मग्रामांतील कुटुंबांनी? आपल्या चहात पडणारी साखर कोणाच्या तरी कोयत्याने तोडलेल्या उसाची असते. आपल्या गावाजवळच्या फडात, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर बाहेरगावची कुटुंबे उतरली असतील तर ती कोठून आली, त्यांच्यावर उचल किती, मुले शाळेत जातात का, एवढे तरी आपण विचारावे. ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांनी एका तोडकऱ्याचा हिशेब लिहून द्यावा. ग्रामसभेची सूचना लागते तेव्हा आपल्यापैकी किती जण जातात, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. जी खुर्ची आपल्याला मिळाली आहे ती आपणच रिकामी ठेवत असू, तर दुसऱ्यासाठी ती मागण्याचा आपला अधिकार दुबळा होतो.

१ डिसेंबर २०२५ पासून जी-२० चे अध्यक्षपद अमेरिकेकडे गेले आणि विकसनशील देशांची ती ओळ संपली. चौकांतले फलक तर केव्हाच उतरले. आफ्रिकी संघाची खुर्ची मात्र राहिली आहे, आणि ती दिल्लीत मिळाली ही गोष्ट इतिहासातून पुसली जाणार नाही. मला तिचा अभिमान आहे. त्या अभिमानाने मान वर करून मला एकदा त्या वसाहतीत पुन्हा जायचे आहे. ओट्यावरचे ते गृहस्थ आता अधिक थकले असतील. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव यादीत घालण्यासाठी कोणतीही शिखर परिषद भरवावी लागत नाही; कचेरीतील एक मेज, एक नोंदवही आणि ऐकून घेणारा एक माणूस एवढे पुरते.